न्यायालयमान्य चौकशी

दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय काही माणसांना स्वतःच्या घरातलं अन्न गोड लागत नाही. मराठीत त्यांना भोचक म्हणतात. प्रत्येक आळीत, चाळीत, सोसायटीत त्यांची नेमणूक आपोआप झालेली असते. जाहिरात नाही, मुलाखत नाही, निवृत्तीचं वय नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये मराठी घरं पुष्कळ, पण ही जागा बरीच वर्षं रिकामी होती. मग साताऱ्याहून काकू आल्या.

सगळे त्यांना चौकशीकाकू म्हणतात. तोंडावर नुसतं काकू. साताऱ्यात त्यांची सगळी नोकरी एलआयसीत झाली, तीही बहुतेक क्लेम खात्यात. मेलेला माणूस खरोखर मेला आहे का, मेला असल्यास कशाने, आणि वारस म्हणून सही करणारी बाई त्याची नेमकी कोण, हे विचारण्याचा त्यांना दरमहा पगार मिळत असे. निवृत्तीनंतर पगार थांबला, प्रश्न थांबले नाहीत. मुलगा-सून इकडे, नातू नुकताच झालेला. काका-काकू बाळंतपणाला म्हणून आले ते राहिलेच.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या गोऱ्या गृहस्थांना छपराच्या दुरुस्तीला किती पडले ते विचारलं. दुसऱ्या आठवड्यात, त्यांची मुलगी चाळिशीला आली तरी एकटी का राहते, ते. तिसऱ्या आठवड्यात मुलाने फ्रिजवर यादी चिकटवली: पगार, वय, वजन, लग्न, मूलबाळ, आजार, घराची किंमत.

"आई, इथे हे विचारायचं नसतं."

काकूंनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. "मग माणसाशी बोलायचं काय? हवा?"

अमेरिकेत लोक 'हाऊ आर यू' म्हणतात आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून गेलेले असतात. काकू हा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत. लोक बिचकत. महाराष्ट्र मंडळातही तीच तऱ्हा. त्यांना हॉलच्या दारात पाहिलं की नवी जोडपी मागच्या पार्किंगमधून आत येत. या बाईंचं इथे कसं निभावणार, अशी आम्हा सगळ्यांना काळजी होती. ती शेवटी अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेनेच मिटवली.

गावच्या लायब्ररीतल्या फळ्यावर एक कागद होता. आईबापांपासून दूर ठेवलेल्या मुलांसाठी न्यायालयाला स्वयंसेवक हवे आहेत. वय 21 पूर्ण असावं, कायद्याची पदवी लागत नाही, संबंधित सर्वांना भेटून माहिती काढण्याची तयारी हवी. काकूंनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग ग्रंथपाल बाईंकडे जाऊन त्यांनी या कामाची संपूर्ण माहिती घेतली, आणि जाता जाता त्या बाईंचं मूळ गाव कोणतं तेही विचारून घेतलं.

या योजनेला सगळे 'कासा' म्हणतात: कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट. अ‍ॅडव्होकेट असलं तरी वकिलीशी संबंध नाही. मुलाची आबाळ होते आहे किंवा त्याला मारहाण होते आहे असं दिसलं की सरकारी खातं त्याला घरातून हलवून नातेवाइकांकडे, तात्पुरता सांभाळ करणाऱ्या फॉस्टर कुटुंबात किंवा वसतिगृहासारख्या ठिकाणी ठेवतं. देशभरात अशी तीन लाखांहून जास्त मुलं आहेत. न्यू जर्सीत या खात्याचं नाव 2012 साली बदललं, पण लोक अजून जुन्याच नावाने 'डायफस' म्हणतात, आपण सीएसएमटीला व्हीटी म्हणतो तसं. कोर्टात खात्याचा वकील असतो, आईचा असतो, बापाचा असतो, मुलाचाही असतो. प्रत्येकाच्या डोक्यावर अशा फायलींचा ढीग. त्यातल्या एकाच मुलासाठी, फार तर एका घरच्या भावंडांसाठी वेळ असलेला माणूस म्हणजे कासा.

कल्पना सिएटलच्या डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांची. मूल घरी परत पाठवायचं की आईबापांपासून कायमचं तोडायचं, हे त्यांना ठरवावं लागे, आणि समोरच्या कागदांत त्या मुलाबद्दल जेमतेम काही असे. निकाल देऊन घरी गेल्यावर आपण बरोबर केलं की नाही या विचाराने त्यांची झोप उडे. 1976 साली त्यांनी गावातल्या काही जाणत्या लोकांना दुपारच्या जेवणाच्या वेळी बोलावलं, की बाबांनो, कोणी मुलांसाठी एवढं काम करेल का? चार-दोन येतील असं वाटलं होतं, 50 जण आले. पुढच्या वर्षी, 1977 मध्ये, काम सुरू झालं आणि तिथून देशभर पसरलं.

ही हकिगत काकूंनी आम्हाला गणपतीच्या जेवणावळीत सांगितली. "चौघं येतील वाटलं आणि पन्नास आली! आपल्याकडेही येतात म्हणा. पण जेवायला." आणि समोरच्या पंगतीकडे पाहिलं. तिथे निरोप न कळवता आलेले दोघंतिघं होते, ते जिलबीवर वाकले.

प्रशिक्षण सुमारे 30 तासांचं असतं. त्याआधी बोटांचे ठसे आणि पोलिसी तपासणी. या तपासणीचा काकूंना मनापासून आनंद झाला. आपल्यालाही कोणी इतकं बारकाईने तपासावं, हे त्यांना रीतीला धरून वाटलं. खरी पंचाईत वर्गात झाली. तिथे शिकवतात की आईबापांचं घर आपल्या घरासारखं आहे का, हे पाहायचं नाही. फॉस्टर घरात मुलाला जास्त चांगली खोली मिळेल का, हेही नाही. मूल सुरक्षित राहील आणि त्याच्या गरजा भागतील, इतपत किमान पुरेशी काळजी ते आईबाप घेऊ शकतात का, एवढंच पाहायचं. 'मिनिमम सफिशियंट लेव्हल ऑफ केअर' असं त्याला म्हणतात.

ज्या बाईने आयुष्यात कोणाची पोळी 'पुरेशी गोल' म्हणून पास केली नव्हती, तिला ही कसोटी पचायला वेळ लागला. पहिल्या काही दिवसांत घरी नुसते वाद. "असल्या आईबापांकडे पोर परत पाठवायचं?" पण कायद्याचा कल तोच आहे: घर सुरक्षित होत असेल तर पहिला प्रयत्न मूल घरी परत नेण्याचा. फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी आईबापांकडेच परत जातात. हे काकूंना एकदा पटलं ते इतकं पटलं, की कसोटी घरातही लागू झाली. सुनेने एका रविवारी फ्रोझन पराठे तव्यावर टाकले. काकू शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. सून जीव मुठीत धरून होती. "किमान पुरेसं आहे," काकू म्हणाल्या आणि पानावर बसल्या. सासूच्या तोंडून एवढी स्तुती या घरात आधी झाली नव्हती. सुनेने त्या संस्थेला गुपचूप देणगी पाठवली, असं मला खात्रीलायक कळतं.

मग शपथविधी. न्यू ब्रन्सविकच्या कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशांसमोर हात वर करून काकूंनी शपथ घेतली. नंतर पहिलं प्रकरण मिळालं आणि नेमणुकीचा हुकूम आला. या मुलाबद्दल शाळेकडे, डॉक्टरांकडे, खात्याकडे, फॉस्टर घराकडे या बाईंनी विचारणा करावी आणि त्यांना माहिती देण्यात यावी, खाली न्यायाधीशांची सही. काकूंनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून एलआयसीच्या जुन्या चेनवाल्या फोल्डरमध्ये ठेवला. आपल्या मुलाला नुसतं वरचं पाकीट दाखवलं, आतला कागद गोपनीय होता. तेवढं पुरलं. फ्रिजवरची यादी दुसऱ्या दिवशी निघालेली होती.

इथपर्यंत सगळं काकूंच्या मनासारखं. पण नियमांना धार दुसऱ्या बाजूने होती.

पहिला नियम खाण्याचा. मुलाला पैसे द्यायचे नाहीत, भारी भेटवस्तू द्यायच्या नाहीत, आपल्या घरी आणायचं नाही, गाडीतून न्यायचं नाही, खायला द्यायचं तर विचारून. मराठी बाईने एका मुलाला नियमाने भेटायचं आणि त्याला खायला घालायचं नाही! दिवाळीत काकूंनी कासाच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंना चकलीबद्दल ईमेल केला. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, चकलीत काय असतं? उत्तरात भाजणीचं पूर्ण प्रमाण गेलं, तांदूळ किती, हरभराडाळ किती, धने-जिरे किती, आणि मोहन कडकडीत का हवं यावर एक परिच्छेद. बाईंनी फॉस्टर आईला विचारा म्हणून कळवलं. पुढे चकली गेली की नाही, हे गोपनीय आहे.

हा दुसरा नियम, आणि काकूंची खरी तपश्चर्या. मुलाचं नाव, वय, शाळा, घर, आजार, आईबापांचं प्रकरण, काही म्हणजे काही बाहेर बोलायचं नाही. नवऱ्याशीसुद्धा नाही. आयुष्यभर जी माहिती मिळवायला बाईंनी जिवाचं रान केलं, ती आता कायद्याने हातात यायची आणि ओठांवर मात्र कुलूप. मंडळाच्या कोजागिरीला त्या आटीव दुधाचा पेला हातात धरून बसलेल्या असायच्या, कोणाच्या तरी नणंदेचा विषय निघायचा, आणि त्या गप्प. एवढी मोठी माहिती जवळ असताना नणंदेत त्यांना काय रस वाटणार!

सुरुवातीला त्यांनी पळवाट काढली. "मी कोणाबद्दल बोलत नाहीये हं. पण समजा, एक मूल आहे. समजा, त्याला एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं. समजा, त्याचा चष्मा पहिल्या घरात राहिला. आता मला सांग, तो चष्मा आणायचा कोणी?" हे 'समजा' देखरेखवाल्या बाईंच्या कानावर गेलं आणि त्यावरही बंदी आली. तेव्हापासून काकू फक्त संदर्भहीन प्रश्न विचारतात. "अरे, अपूर्णांकांचा भागाकार सोपा करून कसा शिकवतात?" कोणाला शिकवायचाय, हे विचारायची सोय नाही. मंडळातल्या एका आयआयटीवाल्याने तो त्यांना तीन प्रकारांनी समजावला. काकूंनी वहीत उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "यातला एकही दहा वर्षांच्या पोराला कळणार नाही," आणि मग जीभ चावली. गोपनीयतेचा काकूंनी केलेला, मला माहीत असलेला, एवढाच भंग. आणि तो तरी भंग होता का? दहा वर्षांची पोरं जगात काय थोडी आहेत?

काकांचं काय, असं कोणी विचारेल. काका सुरुवातीला गाडी चालवून त्यांना नेत. पण भेटीच्या घराचा पत्ता काकांना कळू नये, म्हणून काकू दोन गल्ल्या अलीकडे उतरायच्या आणि बर्फातून चालत जायच्या. काका डंकिन डोनट्समध्ये बसायचे. एका जानेवारीत काकू घसरता घसरता वाचल्या आणि त्यांनी साठी उलटल्यावर गाडी शिकायचं ठरवलं. न्यू जर्सीत लायसन्ससाठी ओळखीचे सहा गुण भरतील इतकी कागदपत्रं लागतात. काकूंनी चौदा गुणांची नेली, वर शाळा सोडल्याचा दाखला. पॅरलल पार्किंग चौथ्या वेळी जमलं. आता काका घरी असतात. कासाबद्दल विचारलं तर म्हणतात, "डंकिनची कॉफी बरी असते."

बॅगांचं प्रकरण मात्र गोपनीय नव्हतं, त्यामुळे ते गावभर झालं. या मुलांना घरातून हलवताना त्यांचे कपडे पुष्कळदा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून देतात, हे काकूंनी प्रशिक्षणात ऐकलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, हेच विशेष. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी मराठी गराज तपासायला सुरुवात केली. भारतवारी करणाऱ्या प्रत्येक घरात तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगा एकीत एक घातलेल्या असतात, हे त्यांना ठाऊक होतं. "पाच बॅगा? चौघांचं कुटुंब आणि पाच? दोन ठेवा." प्रत्येक बॅग उघडून त्या हुंगत. हिंग, गोडा मसाला आणि लोणच्याचा खार यांचा वास निघेपर्यंत बॅगा अंगणात उन्हात. मोडक्या चाकाची परत. "पोराने मोडकी बॅग ओढत का जायचं? तुमचा मुलगा कॉलेजला गेला तेव्हा नवी घेतलीत ना?" हा प्रश्न फ्रिजवरच्या यादीत नव्हता, पण असायला हवा होता. त्या घराने नवी घेऊन दिली.

तिसरा नियम कोर्टातल्या अहवालाचा. प्रत्येक सुनावणीआधी कासाने लेखी अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, मत नाही. 'घर अस्वच्छ होतं' चालत नाही. 'सिंकमध्ये न धुतलेली भांडी होती, जमिनीवर दूध सांडलं होतं' चालतं. काकूंचं इंग्रजी एलआयसीच्या पत्रव्यवहारात घडलेलं. पहिला मसुदा 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशा धाटणीचा होता आणि त्याला परिशिष्ट अ ते ऊ होती. देखरेखवाल्या बाईंनी कमी करत आणला. कापलेली विशेषणं गोपनीय नसल्याने ती आम्हाला ऐकायला मिळाली: निष्काळजी, आगाऊ, झोपाळू. झोपाळू कोण होतं, ते कळलं नाही. माझा संशय एका वकिलावर आहे.

पण तारखा! कोण कोणत्या दिवशी आलं, कोणी फोन उचलला नाही, दाताच्या डॉक्टरची वेळ कधी ठरली आणि कधी चुकली, हे काकूंइतकं तारीखवार कोण लिहिणार? 1997 च्या कायद्यानुसार मूल घराबाहेर गेल्यापासून सुमारे वर्षभरात त्याच्या कायमच्या घराचा विचार करणारी सुनावणी व्हावी लागते. मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने ते फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद सोडता, आईबापांचे हक्क काढून घेण्याचा अर्ज खात्याला करावा लागतो. मोठ्यांच्या फायलीत हे महिने सहज सरतात. काकू ते मोजतात. घर बदललं तरी मुलाची शाळा शक्यतो बदलू नये, असं 2015 च्या शिक्षण कायद्यात आहे. तो नियम फोल्डरमध्ये पिवळ्या खुणेसह. अधिकारी बदलतात, या खात्यांत तर फार लवकर बदलतात, आणि नव्या अधिकाऱ्याला मुलाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. सांगायला बहुधा काकूच उरलेल्या असतात.

योजनेवर टीका होते आणि ती पोकळ नाही. स्वयंसेवक बहुतांशी सुखवस्तू गोऱ्या बायका. मुलं गरिबांघरची, त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त. दोन तास येऊन बसणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या संसाराचं माप का काढावं? मी हे काकूंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. "बरोबर आहे. गरिबी आणि हयगय यांतला फरक कळत नसेल तर घरी बसावं माणसानं. वीज कापली म्हणून आई वाईट होत नाही. आमची दोनदा कापली होती, तिसरीत असताना. माझी आई काय वाईट होती?" जरा थांबून म्हणाल्या, "थोडी तापट होती."

मंडळातल्या लोकांना हे काहीच कळत नाही. त्यांचा प्रश्न एकच, "तासाचे किती देतात?" काही देत नाहीत म्हटल्यावर, "मग फायदा काय?" गंमत म्हणजे कासा स्वयंसेवकांना मुलंही हेच विचारतात, तुला याचे पैसे मिळतात का म्हणून. त्यांच्या आयुष्यात येणारं प्रत्येक मोठं माणूस पगारावर आलेलं असतं. नाही म्हटल्यावर मुलं जरा वेगळ्या नजरेने बघतात, असं या कामातले लोक सांगतात. मंडळातली माणसंही वेगळ्या नजरेने बघतात, पण ती नजर निराळी.

सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर काकूंनी आपल्याकडची व्यवस्थाही विचारून घेतली. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. "पाच माणसं आणि अख्खा जिल्हा!" परत आल्यावर त्या आठवडाभर हेच म्हणत होत्या. आपल्याकडे अशा चौकस बायकांचा तुटवडा नाही, हे त्यांनी निराळं सांगायची गरज नव्हती.

माझं मत विचाराल तर भोचकपणा हा दुर्गुण आहेच. काकू आमच्याकडे आल्या की मी आजही बँकेचे कागद ड्रॉवरमध्ये टाकतो. पण ज्या मुलाबद्दल दहा खात्यांना थोडं थोडं माहीत आहे आणि सगळं कोणालाच नाही, त्याच्या बाजूने उभं राहायला सज्जन, अबोल, दुसऱ्याच्या भानगडीत न पडणारा माणूस काडीच्या उपयोगाचा नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी वाचकांना एक विनंती. तुमच्या मंडळात अशी एक बाई असेल, किंवा बुवा. या बाबतीत पुरुष मुळीच मागे नाहीत. तुमच्या घराचा हप्ता, तुमच्या मुलीचे मार्क, तुमच्या नवऱ्याची साखर त्यांना तोंडपाठ असेल. त्यांना टाळू नका, कासाबद्दल सांगा. प्रशिक्षण सुमारे 30 तासांचं, पुढे दर वर्षी 12 तासांची उजळणी, आणि काम महिन्याला काही तासांचं. मोबदला काही नाही. कराच्या हिशोबात समाजकार्यासाठी चालवलेल्या गाडीचे मैलामागे 14 सेंट मांडता येतात, तेही सगळ्यांना नाही. अर्ज कुठे करायचा, कोणाला भेटायचं, हे तुम्ही शोधत बसू नका. त्या विचारून घेतील.